नॅनोटेक्नॉलॉजीवरचा वाद नक्की कशाबद्दल आहे?

कागदीहोडी:
मंडळी, कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे, विषय दिलाय "नॅनोटेक्नॉलॉजी: वरदान की धोका" आणि माझ्याकडे धोक्याची बाजू आलीय. वाचायला बसले तर एकीकडे स्वतःच्याच प्रती काढत सुटलेले सूक्ष्म यंत्रमानव, दुसरीकडे कॅन्सरची औषधं, तिसरीकडे युरोपात खाण्याच्या पांढऱ्या रंगावर बंदी. हे सगळं एकाच गोष्टीबद्दल चाललंय का? मला उगाच भीती घालायची नाहीये, खरं तेवढंच बोलायचंय. कुठून सुरुवात करू?

शाईपेन:
एकाच गोष्टीबद्दल नाही. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, त्या मापात चालणारं काहीही या एका नावाखाली येतं, आणि खरा घोळ तिथेच आहे. यंत्रमानववाला वाद एरिक ड्रेक्सलरच्या १९८६ च्या पुस्तकापासूनचा. त्याचं म्हणणं होतं की अणू एकेक करून हव्या त्या जागी बसवणारी यंत्रं बनवता येतील, आणि ती स्वतःच्या प्रती काढत सुटली तर सगळी सजीवसृष्टी खाऊन टाकतील, त्यालाच ग्रे गू म्हणतात. याला आडवा गेला रिचर्ड स्मॉली, सी-६० या साठ अणूंच्या चेंडूसारख्या कार्बन रेणूसाठी १९९६ चं नोबेल मिळालेला रसायनशास्त्रज्ञ. तो म्हणाला, अहो एक अणू बसवायचा तर आजूबाजूचे सगळे अणू धरून ठेवायला लागतात, तेवढी बोटं नॅनोमीटरभर जागेत मावणार कुठे, आणि बोटंही अणूंचीच, म्हणजे उचललेला अणू बोटालाच चिकटून बसणार. ड्रेक्सलरचं उत्तर असं की बोटं लागतातच कशाला, आपल्या पेशीत रायबोसोम नावाचं रेणूंचं यंत्र बोटांशिवाय प्रोटीन जोडतोच ना. त्यावर स्मॉली म्हणे, जोडतो, पण पाण्यात, आणि पाण्यातल्या रसायनशास्त्रातून पोलाद किंवा सिलिकॉनचा क्रिस्टल कसा करणार ते सांगा. २००३ च्या डिसेंबरात हे सगळं छापून आलं, शेवटी तर तुम्ही लोकांनी आमच्या मुलांना घाबरवून सोडलंय इथवर स्मॉली गेला. मला विचाराल तर आक्षेप स्मॉलीचे जास्त वजनदार होते, पण रायबोसोमचा मुद्दा त्याला पूर्ण खोडता आला नाही. आणि २००४ मधे खुद्द ड्रेक्सलरनंच लिहिलं की प्रती काढणारी यंत्रं बनवायची गरजच नाही. तेव्हा ग्रे गू तुमच्या भाषणात नकोच, समोरचा पहिल्या मिनिटात पाडेल.

दूरदिवा:
+१. फक्त राजकारण विसरू नका. अमेरिकेत क्लिंटननं २००० मधे राष्ट्रीय नॅनो कार्यक्रम जाहीर केला, बुशनं २००३ मधे त्याचा कायदा केला, आणि पैसा मोठा असल्यानं ज्यांना निधी हवा होता त्यांना ग्रे गूची सावलीसुद्धा नको होती. ड्रेक्सलर ज्याबद्दल बोलत होता तो विषय अभ्यासाला घ्या असं विधेयकात होतं, अंतिम कायद्यात त्याजागी रेणूंच्या आपोआप जुळण्याचा अभ्यास आला, जो वेगळाच विषय आहे. धंद्याचंही तेच. २००१ मधे भाकीत केलं गेलं की २०१५ पर्यंत बाजार वर्षाला एक लाख कोटी डॉलरचा होईल, पण असे आकडे काढताना वस्तूत चिमूटभर नॅनो असलं तरी अख्ख्या वस्तूची किंमत धरायची पद्धत पडली. २००४ मधे नॅनोसिस या नॅनो कंपनीचा आयपीओ, म्हणजे पहिली शेअरविक्री, बाजारात यायचा होता, विकायला तयार माल जवळजवळ नव्हता, शेवटी मागे घ्यावा लागला.

उंबरझाड:
ताई, धोक्याची बाजू आहे ना, मग धुळीवर बोला. खरंच सांगते, मला राग याचाच येतो की वीस वर्षं लोक यंत्रमानवांवर भांडले आणि कारखान्यात नॅनो पावडरच्या पिशव्या रिकाम्या करणाऱ्या माणसाच्या फुप्फुसाचं काय याला वर्तमानपत्रात जागाच मिळाली नाही. २००८ मधे एडिंबराच्या गटानं उंदरांच्या पोटात कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, सोडून बघितल्या. लांब नि ताठ नळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग करणाऱ्या ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखीच सूज आणली, कारण साफसफाई करणाऱ्या पेशीला त्या पूर्ण गिळताच येत नाहीत, टोक बाहेर राहतं आणि पेशी तशीच चिडून बसते. गुंतवळ झालेल्या आखूड नळ्यांनी तसं केलं नाही. कार्बन तोच हं! म्हणजे "नॅनो घातक आहे का" हा प्रश्नच चुकीचा आहे, कुठला कण, किती लांब, वर लेप कसला, शरीरात शिरला कुठून हे विचारावं लागतं. त्यातल्या एका प्रकारच्या नळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१४ मधे माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या गटात टाकलं, बाकीच्या नळ्यांबद्दल पुरावा पुरेसा नाही म्हणाले.

आणि कायदे वजनावर चालतात. युरोपात वर्षाला एक टनाच्या खाली असाल तर नोंदणीच नाही. पण एक सेंटिमीटरचा ठोकळा एक-एक नॅनोमीटरच्या ठोकळ्यांत तोडला तर वजन तेवढंच राहतं, आणि पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटरचा ६००० चौरस मीटर होतो, रासायनिक क्रिया तर पृष्ठभागावरच होते! तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा हा.

कागदीहोडी:
उंबरझाड, फार आभार, भाषणाचा रोखच बदलला. खाण्याच्या रंगाचं पण सांगा ना, समोरचे विचारणार.

उंबरझाड:
टायटॅनियम डायऑक्साइड, खाद्यरंगांच्या यादीत ई१७१, त्यातले काही कण नॅनो मापाचे असतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२१ मधे म्हटलं की डीएनएला इजा होणार नाही असं खात्रीनं सांगता येत नाही, २०२२ मधे बंदी आली. त्याच वर्षी कॅनडानं आढावा घेऊन उलट सांगितलं, काळजीचा पक्का पुरावा नाही. "सिद्ध झालंय" म्हणू नका, खात्री नसताना कोणी थांबायचं हा वाद आहे असं मांडा. आणि लिपिडच्या, म्हणजे चरबीसारख्या रेणूंच्या, नॅनोकणांनी एमआरएनए लशी शक्य झाल्या हे समोरच्यानं काढलं तर सरळ मान्य करा, लशीची तपासणी झाली तशीच पावडरची व्हावी एवढंच मागा.