स्टीलचं कौतुक पुरे, टायरचं बोला

घाटवाट

पोलादी पेडल यांचा 'पुणे-गोव्यासाठी टूरिंग सायकल' हा लेख वाचला. प्रतिसाद लिहायला बसलो तो लांबला, म्हणून वेगळा धागा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: क्रोमोलीची, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या स्टीलची, फ्रेम घ्या, स्टील धक्के पचवतं, मोडली तर कुठल्याही गावात वेल्डिंग होतं, वर चामड्याची सीट टाका की झालं काम. टायर, गियर आणि हँडल यांना अख्ख्या लेखात मिळून दोन ओळी.

अहो, त्या दोन ओळींचाच लेख व्हायला हवा होता.

फ्रेम म्हणजे दोन त्रिकोण. उभ्या दिशेने त्रिकोण दबत नाही, स्टीलचा असो की ॲल्युमिनियमचा. दबतो टायर, आणि तो इतका दबतो की फ्रेमचं दबणं त्याच्या पासंगालाही पुरत नाही. वजन पडल्यावर टायर साधारण १५ टक्के दबावा इतकीच हवा ठेवा, हे अमेरिकेतले सायकलतज्ज्ञ फ्रँक बर्टो यांनी मोजून सांगितलं त्याला जमाना झाला. आपल्याकडे मात्र २८ मिमी रुंदीच्या टायरात १०० पीएसआय ठासायचे आणि दिवेआगरपर्यंत हाडं खिळखिळी झाली की 'ॲल्युमिनियमची आहे ना, म्हणून'. ४० चा टायर लावा, हवा ४५-५०, मग बोला. आणि क्रोमोली 'मऊ' वगैरे काही नसतं. झाडून सगळ्या स्टीलचा ताठरपणा जवळपास सारखाच. भारी स्टील जास्त ताकदीचं, म्हणून नळी पातळ काढता येते आणि वजन उतरतं, इतकंच.

गियरचं तर विचारूच नका. सागरी मार्ग केलेल्यांना ठाऊक आहे, खाडीत उतरा, सड्यावर चढा, पुन्हा खाडी. वेसवी, धोपावे, जयगड, कुठेही फेरीबोटीतून उतरलात की चढ समोर उभाच. सामान लादून ३४-२८ वर (पुढच्या चक्रीचे दात ३४, मागच्या चक्रीचे २८) मिनिटाला ६० पेडलं मारायची तर ताशी साडेनऊ किमी वेग ठेवावा लागतो. ठेवून दाखवा. २६-३४ वर तेवढ्याच पेडलांत सहा किमीने गप्पा मारत चढाल.

पोलादी पेडल

माझ्या लेखामुळे इतकी झोप उडाली हे वाचून धन्य झालो. त्रिकोण आम्हीही शाळेत शिकलो होतो. पण पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला त्रिकोण कुठे आहे? स्टीलचा बारीक, वाकदार चिमटा खड्ड्यात किती हलतो ते खाली वाकून बघा कधीतरी. आधीच्या ॲल्युमिनियमच्या सायकलवर माझी करंगळी आणि शेजारचं बोट ताम्हिणी उतरेपर्यंत बधिर व्हायचं. स्टील घेतल्यापासून एकदाही नाही. गणित तुमच्यापाशी ठेवा, बोटं माझी आहेत.

मधुरा_सांगली

पोलादी, दोन्ही सायकलींचे टायर एकाच मापाचे होते का? आणि हँडलची उंची?

पोलादी पेडल

टायर आधी २८, आता ३८. हँडल थोडं वर आहे. मुद्दा तो नाही.

मधुरा_सांगली

मुद्दा तोच आहे हो! ती दोन बोटं ज्या नसेवर चालतात ती तळहाताच्या कडेने जाते. हँडल खाली असलं की अंगाचा भार तिच्यावर. दोन इंच वर घेतलं की कुठल्याही धातूची सायकल 'आरामदायी' होते.

यावरून माझं रडगाणं ऐकाच. नवी सायकल घेतली तेव्हा दुकानदाराने 'मॅडम, सुबक दिसेल' म्हणून चिमट्याची नळी स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) वर एक रिंगही न ठेवता कापून दिली. मला न विचारता. कापलेली नळी वाढत नाही. आता तिरकं, वर उचललेलं स्टेम लावून कशीबशी चालवते, ते दिसतं नळाच्या तोटीसारखं. नवीन घेणाऱ्यांनो, फिटिंगच्या वेळी समोर उभे राहा. आठवडाभर सगळ्या रिंगा लावून चालवा, मग कापायचं तर कापा.

तात्या_वाईकर

चाळीसचा टायर हा शोध तुम्ही आत्ता लावताय याची गंमत वाटते. आमच्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलला २८ × १½ चा टायर असायचा. तो ४० मिमीच. स्प्रिंगची सीट, पोटाच्या वर हँडल, आणि मुख्य म्हणजे मडगार्ड. मडगार्ड नाही ती सायकल नव्हे, खेळणं आहे. कोणी लिहिणार आहे का त्यावर?

घाटवाट

तात्या, टायर मान्य, फक्त तुमच्या काळ्या सायकलच्या रिमचं माप ६३५ मिमी व्यासाचं. हल्लीचे चांगले टायर ६२२ चे निघतात, ते तिच्यावर चढणार नाहीत. मडगार्डचं नंतर बघू.

तात्या_वाईकर

मडगार्डचं नेहमी नंतरच असतं.

बापू_चिपळूण

टायर-हँडल तुमचं तुम्ही बघा. मला ते 'कुठल्याही गावात वेल्डिंग' खटकलं. आमचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. असे 'टूरिंग'वाले येतात आमच्याकडे. नळी मध्यभागी ०.६ मिमीची. आमच्याकडे खिडक्यांच्या जाळ्यांना वापरतात तो १० नंबरचा रॉड. टेकवला की भोक. टेकवायच्या आधीच मी हात जोडतो. पातळ नळीला गॅसवर पितळेचा टाका हवा, टाकणखार लावून, हलक्या हाताने. ते जाणणारे म्हातारे मिस्त्री आता शोधावे लागतात. 'कुठल्याही गावात' लिहू नका, लोक विश्वास ठेवून निघतात.

पोलादी पेडल

बापू, अनुभव सांगतो. जैतापूरच्या अलीकडे माझं कॅरिअर तुटलं. रस्त्याकडेच्या वेल्डरने अर्ध्या तासात जोडून दिलं, पैसे घेईना, वर चहा पाजला. पुढे मालवणपर्यंत काही झालं नाही. आता म्हणा वेल्डिंग होत नाही.

मधुरा_सांगली

कॅरिअर तुटलं. फ्रेम नाही.

पोलादी पेडल

स्टील ते स्टीलच ना!

बापू_चिपळूण

कॅरिअरची सळई १० मिमीची असते, ती मीही डोळे मिटून जोडेन. फ्रेमची गोष्ट वेगळी.

घाटवाट

चला, पोलादींचा लेख अखेर खरा ठरला, फक्त 'फ्रेम' शब्द खोडून 'कॅरिअर' लिहा. ॲल्युमिनियमचं कॅरिअर तुटलं असतं तर ते कोकणात कोणी जोडलं नसतं हे मात्र प्रामाणिकपणे मान्य. आणि निम्म्या वेळा कॅरिअरही तुटत नाही, बोल्ट तुटतो. खालचा ५ मिमीचा बोल्ट ढिला होतो, डुगडुगतो आणि डोक्यापाशी कट होतो, उरलेला तुकडा फ्रेमच्या आट्यात अडकून बसतो. आरपार लांब बोल्ट घाला आणि आतून नायलॉनचं कडं असलेली नट लावा. म्हणजे तुटला तरी दोन्हीकडून पकडून काढता येतो. चेनच्या बाजूला मात्र टोक लहान चक्रीला घासत नाही ना ते बघा.

बापू_चिपळूण

तो तुकडा ड्रिलने काढून द्यायला माझ्याकडे येतात ते वेगळेच. तासभर जातो आणि म्हणतात 'एवढे?'

पोलादी पेडल

बापू, तुमच्या धंद्याची गाऱ्हाणी इथे कशाला? पन्नास वर्षं या देशात पितळी टाक्याच्या सायकली मोडल्या आणि जोडल्या. तुम्हाला जमत नाही म्हणून कोणालाच जमत नाही?

बापू_चिपळूण

जमत नाही म्हणालो नाही, करत नाही म्हणालो. उद्या परशुराम घाटात ती नळी उताराला तुटली तर तुमच्या घरच्यांना काय सांगू, चहा पाजला होता?

मधुरा_सांगली

दोघेही पाणी प्या.

कासेल_व्हाया_कराड

इथे जर्मनीत लोक रोलॉफचा हब, म्हणजे सगळे गियर पोटात असलेला मागच्या चाकाचा तुंबा, टाकतात आणि विषय संपवतात. १४ गियर, ५२६ टक्के पल्ला (सगळ्यात जड गियर हलक्याच्या सव्वापाच पट), सगळं तेलात बंद. चिखल आत जात नाही, डिरेल्युअर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) वाकायची भीती नाही. सोबत पुढच्या हबमध्ये डायनमो.

घाटवाट

त्या हबच्या किमतीत इथे पूर्ण सायकल येते आणि गोव्याहून परत यायचं तिकीटही. शिवाय दापोलीत अडकला तर कोणाकडे न्यायचा, बापूंकडे? साधं सांगतो: शिमानोचं नऊ स्पीड. रोडचे शिफ्टर आणि एमटीबीचा मागचा डिरेल्युअर नऊपर्यंत बिनतक्रार जुळतात, म्हणून मागे मोठी ३४ ची चक्री लावता येते. दहाला केबलची ओढ बदलली, तिथे ही जोडी जमत नाही. 'एक जास्त गियर' म्हणून दहा घेतलेले किती जण मागाहून डोकं धरून बसलेत.

मधुरा_सांगली

चामड्याची सीट राहिलीच. वाईट नाही, पण 'टाका की झालं' हे पुरुषांनी पुरुषांना दिलेलं सर्टिफिकेट आहे. बसायच्या हाडांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं. शिवाय पावसाळ्यात ठेवून द्या, बुरशी धरते. वरून पिशवी घालतात लोक, पण भिजते खालून, चाकाच्या उडालेल्या पाण्याने. भिजलेल्या चामड्यावर दिवसभर बसलं की झोळी होते, मग बोल्ट कितीही ताणा.

तात्या_वाईकर

खालून चाकाचं पाणी. ते कशामुळे थांबतं बरं?

मधुरा_सांगली

मडगार्ड, तात्या. झालं समाधान?

पोलादी पेडल

ठीक. टायर रुंद हवा, हँडल वर हवं, हे लेखात टाकतो. पण मागे वीस किलो लादून वरंध उतरा, मग कळेल फ्रेमला काय अर्थ असतो ते. चेनस्टे, म्हणजे पेडलांच्या धुऱ्यापासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी, ४५० मिमीच्या पुढे असेल तरच टाच पिशवीला लागत नाही. बारीक नळ्यांची 'नाजूक' स्टील फ्रेम असेल तर हँडल थरथरायला लागतं. हे तुमच्या टायरने सुटत नाही.

घाटवाट

हे तुमच्या लेखात असतं तर हा धागाच निघाला नसता. 'नाजूक स्टील' हा शब्द तुमच्या तोंडून ऐकला, भरून पावलो.

नवशिका_नाशिक

सगळं वाचलं, डोकं गरगरलं. माझ्या सायकलला आत्ता ३२ चे टायर आहेत. ४० चे बसतील का?

घाटवाट

मागचं चाक सरळ आहे ना बघा, आउट असेल तर आधी काढून घ्या. बॉटमच्या (पेडलांच्या धुऱ्याच्या) मागे दोन नळ्यांमधली मोकळी जागा मोजा, चिमट्यातलीही. टायर बसल्यावर ६ ची ॲलन की दोन्ही बाजूंनी अडखळल्याशिवाय फिरली पाहिजे. म्हणजे ५२ मिमी तरी हवी. कॅलिपर ब्रेक असतील तर बहुतेक ब्रेकलाच टायर अडेल, डिस्क किंवा कँटिलिव्हर असतील तर आशा आहे.

तात्या_वाईकर

त्यात मडगार्डचे वेगळे धरा.

नवशिका_नाशिक

४८ भरले. ब्रेक डिस्क आहेत.

घाटवाट

मग ३५ घ्या आणि हवा ५५ च्या आसपास ठेवा.

पोलादी पेडल

फ्रेम कशाची आहे ते कोणी विचारलंच नाही.