मदत हवी आहे : डायलिसिसवरील मामांना लकव्याचा झटका येऊन गेला असावा, गाव भामरागड तालुक्यात

भाचा पुण्याचा
नमस्कार. माझे मामा डायलिसिसवर आहेत. मागच्या आठवड्यात त्यांचे तोंड एका बाजूला वाकडे झाले आणि बोलणे बोबडे झाले. रात्रीपर्यंत सगळे आपोआप पूर्ववत झाले. गाव गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून बरेच आत आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो हे आपण वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत वाचत आला असाल, पण त्याच्या आधी गावचा नालाच वाट अडवतो. पावसाळा तोंडावर आहे. वाट बंद असताना पुन्हा असे झाले तर घरी कोणती गोळी द्यावी, एवढेच मला विचारायचे आहे. ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढ्यावर कृपया थांबू नये, ते आम्हालाही कळते.

निवृत्त परिचारिका
गोळीचे नंतर पाहू. आधी हे सांगा : तोंड कोणत्या बाजूला वाकडे झाले, त्याच बाजूचा हात-पाय लुळा पडला होता का, हे डायलिसिस चालू असताना झाले की घरी परतल्यावर, त्यांना मधुमेह आहे का, आणि त्या वेळी कोणी साखर व रक्तदाब मोजला होता का? आठवड्यातून किती वेळा डायलिसिस होते हेही आपण लिहिलेले नाही.

अनुभवी
माझ्या वडिलांना असाच झटका आला असता आम्ही ताबडतोब ॲस्पिरिन पाण्यात विरघळवून दिली आणि ते वाचले. दुर्गम भागात डॉक्टरांची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. गोळी खिशात ठेवावी.

निवृत्त परिचारिका
अनुभवी, आपल्या वडिलांचे डायलिसिस चालू होते काय? लकवा दोन प्रकारांनी येतो : मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते किंवा ती फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. सीटी स्कॅन केल्याशिवाय फरक कळत नाही. डायलिसिसच्या रुग्णात दोन्हींचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो आणि त्यात यंत्रातले रक्त गोठू नये म्हणून हेपारिन दिलेले असते. वाहिनी फुटलेली असताना वर ॲस्पिरिन दिली तर रक्तस्राव वाढेल.

अनुभवी
जिथे सीटी स्कॅनच नाही तिथे हा वाद पुस्तकी आहे. बहुतेक लकवे गुठळीचेच असतात.

सिरोंचाकर
आमच्याकडची मंडळी गोदावरीचा पूल ओलांडून तेलंगणात जातात. गडचिरोलीपेक्षा मंचेरियल, करीमनगर, वरंगळ आम्हाला सोयीचे पडते. तिथे आपली मराठी चालते का, असे लोक विचारतात, तर थोडीफार चालते. मामांना तिकडे हलवावे.

भाचा पुण्याचा
सिरोंचाकर, भामरागड आणि सिरोंचा एकाच जिल्ह्यात असले तरी शेजारी नाहीत. भामरागडहून गडचिरोलीच सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आहे आणि तिथून नागपूर जवळपास तितकेच. मामेभावाशी आत्ता बोलणे झाले, त्याला फोनसाठी टेकडी चढावी लागते. उजवी बाजू होती. हातातला पेला दोनदा सुटून पडला. डायलिसिसच्या शेवटच्या तासात हे सुरू झाले. तिथल्या लोकांना वाटले की रक्तदाब उतरला म्हणून थकवा आला असेल, आणि त्यांना जीपमध्ये बसवून घरी आणले. मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात. साखर मोजली नव्हती. आठवड्यातून दोन वेळा डायलिसिस ठरलेले आहे, पण रोजगार आणि जीपचे भाडे पाहून एखादी वेळ चुकते. आता तरी गोळीचे सांगा.

डायलिसिस तंत्रज्ञ
मी तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नव्हे. डायलिसिसची एक पाळी चुकली की अंगात पाणी साठते आणि रक्तदाब चढतो; पुढच्या पाळीला ते सगळे पाणी चार तासांत ओढावे लागते आणि रक्तदाब एकदम कोसळतो. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून मेंदूला पुरेसे रक्त पोहोचत नाही. शेवटच्या तासात लक्षणे दिसली याचा अर्थ बहुधा हाच असावा. दोन पाळ्यांमध्ये वजन किती वाढते आणि ड्राय वेट (जादा पाणी काढून टाकल्यावरचे वजन) शेवटचे कधी तपासले, हे त्यांच्या वहीत लिहिलेले असेल. रक्तवाढीचे इंजेक्शन चालू आहे का आणि हिमोग्लोबिन किती आहे, तेही पाहावे.

पिशवीवाले
या सर्वावर एकच उपाय आहे : पोटाचे डायलिसिस, म्हणजे पिशवीतला द्राव नळीने पोटात सोडून रक्त शुद्ध करणे. माझ्या पत्नीचे ते घरीच चालते. दिवसातून तीन-चार वेळा पिशवी बदलायची, हेपारिन देऊन रक्त यंत्रातून फिरवायचे नाही, रक्तदाब एकदम उतरत नाही आणि पुरात जीप शोधायची नाही. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम 2016 मध्ये यंत्राच्या डायलिसिसने सुरू झाला. 2019 मध्ये पोटाच्या डायलिसिसचीही मार्गदर्शक तत्त्वे आली. अशा गावांसाठी तेच योग्य आहे, हे मी प्रत्येक धाग्यावर लिहितो.

डायलिसिस तंत्रज्ञ
पिशवीवाले, महिन्याला शंभरावर पिशव्या, प्रत्येकी दोन लिटर. त्या नाल्यापलीकडे कोण नेणार आणि ओल्या भिंतींच्या घरात कोरड्या जागी कुठे ठेवणार? उजवा हात लुळा पडला तर पिशवी दुसऱ्या माणसाला बदलावी लागेल आणि त्याच्या हाताला स्वच्छतेची सवय नसेल तर पोटात जंतुसंसर्ग होतो.

पिशवीवाले
पाऊस सुरू होण्याआधी महिन्याचा साठा नेता येतो, रुग्णाला मात्र दर तिसऱ्या दिवशी नेता येत नाही. हात धुणे शिकवता येते.

मूत्रपिंडदाता
मी भावाला मूत्रपिंड दिले आहे. प्रत्यारोपणाची नोंदणी लवकर करावी, नागपूरला त्याची विभागीय समिती आहे.

ग्रामीण वैद्यकीय अधिकारी
प्रत्यारोपणाचा विषय या धाग्याचा नाही. मूळ प्रश्नाचे उत्तर स्पष्ट देतो : लकव्यासाठी घरी देण्याजोगी गोळी नाही. ॲस्पिरिन नको आणि रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून जिभेखाली गोळी ठेवण्याची जी पद्धत गावोगाव आहे ती तर मुळीच नको. अशा वेळी रक्तदाब झपाट्याने उतरला तर मेंदूचा आणखी भाग मरतो. साखर मात्र लगेच मोजावी. मूत्रपिंड निकामी असल्यास इन्सुलिन शरीरात जास्त काळ टिकते, साखर फार उतरते आणि ते हुबेहूब लकव्यासारखे दिसू शकते. त्यासाठी घरात ग्लुकोमीटर हवा. साखर कमी असेल आणि नीट गिळता येत असेल तरच साखरपाणी द्यावे. शहाळे किंवा फळांचा रस नको, त्यात पोटॅशियम असते. गिळताना ठसका लागत असेल तर तोंडावाटे काहीही देऊ नये. कुशीवर निजवून डोके थोडे उंच ठेवावे.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते आणि आपल्या गावाहून तेवढ्या वेळात सीटी स्कॅनपर्यंत पोहोचणे अवघड आहे. डायलिसिस होऊन थोडाच वेळ झाला असेल तर हेपारिनचा परिणाम उरला आहे का, हे रक्त तपासून पाहिल्याशिवाय डॉक्टर ते इंजेक्शन देणारही नाहीत. म्हणून मामा आज बरे आहेत हीच हालचाल करण्याची वेळ आहे. जे आपोआप बरे झाले तो बहुधा पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा होता, आणि त्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे असतात.

गडचिरोलीत आरोग्याचे काम करणाऱ्या सर्च संस्थेच्या अभ्यासात, जो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, गडचिरोलीच्या ग्रामीण भागातील सात मृत्यूंपैकी सुमारे एक पक्षाघाताने झालेला आढळला. तेव्हा ‘आमच्याकडे असे होत नाही’ असे कोणी म्हणाले तर ऐकू नये.

अनुभवी
म्हणजे तुमच्या मते दुर्गम भागातल्या माणसाने काहीच करू नये.

ग्रामीण वैद्यकीय अधिकारी
करावे, पण आत्ता करावे. नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या अतिविशेषोपचार रुग्णालयात किंवा एम्समध्ये मेंदूचे आणि मूत्रपिंडाचे डॉक्टर दोन्ही भेटतात. सीटी, ईसीजी आणि मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करून घ्यावी. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर उपचारच वेगळे ठरतात. ॲस्पिरिन रोज चालू करायची की नाही, हे तिथे ठरेल आणि ठरली तर ती मामा आनंदाने घेतील.

भाचा पुण्याचा
वहीचे फोटो आले. दोन पाळ्यांमध्ये वजन साडेचार किलोने वाढले आहे. रक्तवाढीचे इंजेक्शन आठवड्याला चालू आहे, हिमोग्लोबिन 13.2 आहे. आम्हाला ते चांगलेच वाटत होते. मामेभाऊ उद्या त्यांना नागपूरला घेऊन निघतो आहे, मी पुण्याहून परस्पर तिथे पोहोचेन. पण गुरुवारी डायलिसिसची पाळी आहे, ती चुकवावी का?

ग्रामीण वैद्यकीय अधिकारी
13.2 जास्त आहे. हे इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णांत ते साधारण 10 ते 11.5 च्या आसपास ठेवतात. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मधुमेह आणि मूत्रपिंडविकार असलेल्या, अजून डायलिसिसवर न गेलेल्या ज्या रुग्णांचे हिमोग्लोबिन 13 पर्यंत नेण्याचा प्रयत्न झाला, त्यांच्यात पक्षाघात दुपटीने आढळला. इंजेक्शनचा पुढचा डोस घेण्याआधी हा आकडा डॉक्टरांना दाखवावा. पाळी चुकवू नये, नागपूरलाच करून घ्यावी.

डायलिसिस तंत्रज्ञ
तिथे सुई टोचण्याआधीच सांगावे की मागच्या पाळीत उजवी बाजू लुळी पडली होती, आणि सीटीचा अहवाल पाहीपर्यंत हेपारिनशिवाय डायलिसिस करता येईल का ते विचारावे. तसे करताना थोड्या थोड्या वेळाने सलाईन सोडून यंत्र धुतात. ते सलाईनही काढायच्या पाण्यात धरावे लागते, नाहीतर वजन चुकते. साडेचार किलो एकाच दिवशी काढण्याचा हट्ट धरू नये, लागोपाठ दोन दिवस थोडे थोडे काढतात. ज्या हातात फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) आहे त्या हातावर कोणालाही रक्तदाब मोजू देऊ नये आणि सलाईन लावू देऊ नये. लकव्याच्या रुग्णाची अपघात विभागात धावपळ होते तेव्हा हे हमखास विसरले जाते. तो हात कोणता, हे आपण अजून लिहिलेले नाही.

भाचा पुण्याचा
डावा.