'बेल्ला चाओ'मधला 'चाओ' आणि 'मी'

प्रश्न: इटालियन शिकायला घेतलंय आणि 'बेल्ला चाओ' हे इटालियन गाणं पाठ झालंय. याचा अर्थ 'सुंदर निरोप' असा घ्यायचा का? आणि 'ऊना मात्तीना मी सोनो आल्त्सातो' यातला 'मी' हा आपलाच 'मी' ना?

उत्तर: आधी 'मी'चं बघू, कारण मीही तिथेच अडले होते. तो कर्ता नाही. कर्ता 'ईओ', आणि तो बहुतेकदा गाळतात. इथला 'मी' म्हणजे 'स्वतःला'. 'आल्त्सारे' म्हणजे उचलणे. स्वतःला उचललं, म्हणजे उठलो. काही जण इथे 'स्वेल्यातो' गातात, म्हणजे जागा झालो. आपल्या 'उठलो'मध्ये दोन्ही मावतात.

आता गंमत बघा. हीच ओळ बाई गायली तर 'आल्त्साता' होतं, आपल्याकडे ती 'उठले' म्हणते तसं. पण पुढे 'ओ त्रोवातो लिन्वाझोर' (पाहतो तर आक्रमक समोर!) यात बाईही 'त्रोवातो'च म्हणणार. 'मी आंबा खाल्ला' हे बाई-पुरुष सारखंच म्हणतात ना? अर्थात 'चिंच खाल्ली' असा पुढच्या कर्माप्रमाणे होणारा बदल तिथे नाही. तरी निम्मा नियम मराठी कानाला आधीच ठाऊक असतो, याचा मला फार आनंद झाला होता.

'इन्वाझोर', 'फ्योर' हे शब्द कोशात शोधताना शेवटच्या 'र'चा 'रे' करा. 'इन्वाझोरे', 'फ्योरे' (फूल). गाण्यात शेवटचा स्वर गळलाय.

'बेल्ला' विशेषण खरं, पण इथे ती हाक आहे, 'अगं सुंदरी'. 'चाओ' आला व्हेनिसच्या बोलीतून, 'मी आपला दास' या अर्थाच्या शब्दावरून. आपण अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक' लिहितो, त्याच जातीचा. आज मात्र तो बरोबरीच्या माणसांपुरताच. अनोळखी वडीलधाऱ्यांचा निरोप घेताना 'आर्रिवेदेर्ची' म्हणा.

– मी 'बेल्ला चाओ'चं मराठी 'येतो गं' असं करेन.

– नाही पटत. 'येतो'मध्ये परतायचा शब्द दिलेला असतो. गाणारा पार्तिजानो आहे, १९४३ ते १९४५ मध्ये जर्मन फौजांशी आणि फॅसिस्टांशी लढलेल्यांपैकी. मेलो तर मला डोंगरावर, सुंदर फुलाच्या सावलीत पुरा, असं सांगतोय तो.

– म्हणूनच 'येतो'. परतणं नाही हे ठाऊक असलेला माणूसही आपल्याकडे उंबऱ्यावरून 'जातो' म्हणत नाही.