दोन नकार, एकच 'परवानगी नाकारली'?

पडवी
लिनक्सवरच्या पाठांचा मराठी अनुवाद करतेय, डिप्लोमाच्या मुलांसाठी. फाइलच्या परमिशन बदलणाऱ्या सीएचमॉड या सिस्टिम कॉलपाशी (प्रोग्रामने कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, केलेल्या मागणीपाशी) गाडी अडली आहे. कर्नल इथे दोन वेगळे नकार देतो. त्रुटी १३, ईअ‍ॅक्सेस: 'परमिशन डिनाइड'. त्रुटी १, ईपर्म: 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. तपासनीस म्हणतात, दोन्हीकडे 'परवानगी नाकारली' लिहून मोकळ्या व्हा. मला ते पटत नाही. वाटेतल्या एखाद्या डिरेक्टरीत शिरता आलं नाही तर सीएचमॉड १३ देतो. फाइलपर्यंत पोहोचलो पण ती आपली नसेल तर १ देतो. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. एकच वाक्य लिहिलं तर मूल चुकीच्या जागी शोधत बसेल. दोन वेगळी वाक्यं सुचवा.

कळफलक
पडवीताई, मराठीत 'अधिकार' आणि 'परवानगी' हे दोन शब्द आहेतच, ते वापरा. स्वतःच्या फाइलवरचे सगळे बिट (वाचणे, लिहिणे, चालवणे यांच्या परवानगीच्या खुणा) काढून ०००० करून बघा. साधा वापरकर्ता असाल तर ती तुम्हालाच वाचता येणार नाही, पण सीएचमॉड करून पुन्हा ०६०० (मालकाला वाचन-लेखन) मात्र करता येईल. वाचायची परवानगी गेली, परवानगी देण्याचा अधिकार राहिला. म्हणून १३ ला 'परवानगी नाही' आणि १ ला 'तुम्हाला हा अधिकार नाही'.

जुनी_खिडकी
कळफलक यांचं म्हणणं इतिहासालाही धरून आहे. १९७९ च्या सातव्या युनिक्सच्या मॅन्युअलमध्ये त्रुटी १ चा संदेश 'नॉट ओनर' असाच होता. सरळ 'तुम्ही मालक नाही' लिहा. आणि परवानग्यांची मालक-गट-इतर ही त्रयी मुळापासूनची नाही. १९७१ च्या पहिल्या आवृत्तीत सीएचमॉड होता, पण गट नव्हता. मालक आणि मालक नसलेले, एवढेच दोन. वाचन-लेखनाचे बिट त्या दोघांना वेगळे, चालवण्याचा बिट मात्र सगळ्यांना मिळून एकच.

गावठाण
हे सगळं सातबाऱ्यावर आहे हो. भोगवटादाराचं नाव वेगळं, 'इतर अधिकार' हा रकाना वेगळा. छापलेलं 'अधिकार' असलं तरी तलाठ्यापासून शेतकऱ्यापर्यंत सगळे म्हणतात, "इतर हक्कात नाव आहे." तेव्हा अधिकार नको, हक्क म्हणा. अधिकार साहेबाला असतो, हक्क मालकाला. शिवाय भोगवटादार वर्ग २ ची जमीन नावावर असूनही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. म्हणजे 'मालक नाही' हा संदेशही पुरणार नाही.

कळफलक
गावठाण, शेवटचा मुद्दा बरोबर आहे आणि तो माझ्याच सूचनेवर येतो. चॅटर या आज्ञेने फाइलला 'न बदलणारी' असा गुण लावला की रूटलासुद्धा, म्हणजे यंत्रावरच्या सर्वाधिकारी वापरकर्त्यालासुद्धा, त्रुटी १ मिळते. रूटला 'तुम्ही मालक नाही' किंवा 'तुम्हाला अधिकार नाही' सांगणं साफ चूक. तिथे 'ही क्रिया करता येणार नाही' असंच म्हणावं लागेल.

पडवी
पण मग कारण कुठे गेलं? 'करता येणार नाही' तर डिस्क भरली तरी म्हणता येतं.

स्वभाषा
सगळे एक गोष्ट विसरताय. परवानगी फारसी, हक्क अरबी, मालक अरबी. अनुमती, अनुज्ञा, स्वामी हे शब्द असताना उसनवारी कशाला? शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला तो याच तळमळीतून. पाठ्यपुस्तकात तरी 'अनुज्ञा नाही' लिहावं. मुलं जे वाचतील तेच पुढे बोलतील.

ओढ्याकाठी
स्वभाषा, तळमळ समजते, पण परवानगी आता कुणाला परकी वाटते? 'अनुज्ञा' आणि 'अनुज्ञप्ती' सरकारी कागदांत वर्षानुवर्षं आहेत, तरी दुकानदार परवानाच म्हणतो. माझा कौल 'मुभा'ला. आजी म्हणायची, "अंगणात खेळायची मुभा आहे, ओढ्यावर जायची नाही." मूळ अरबी मुबाह, म्हणजे जे सक्तीचंही नाही आणि निषिद्धही नाही. बिट नेमकं तेच करतो. वाचायला लावत नाही, वाचू देतो.

स्वभाषा
आजीचं वाक्य गोड आहे. पण 'वाचन-मुभा, लेखन-मुभा, निष्पादन-मुभा' असा तक्ता छापून बघा. मुभा घरात शोभते, तक्त्यात नाही.

ओढ्याकाठी
निष्पादन बाजूला ठेवा, 'चालवणे' लिहा. मग तक्ताही शोभेल. वाचण्याची मुभा, लिहिण्याची मुभा, चालवण्याची मुभा.

जुनी_खिडकी
डिरेक्टरी 'चालवतात' कशी? तिथे तोच चालवण्याचा एक्स बिट आत शिरू देतो. आणि फाइल पुसायला फाइलवरचा लेखन-बिट लागतच नाही, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावरचा डब्ल्यू (लेखन) आणि एक्स लागतो. 'लिहिण्याची मुभा' वाचून मुलं गैरसमज करून घेतील.

कळफलक
म्हणूनच मला 'प्रवेश' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. अ‍ॅक्सेससाठीचा पारिभाषिक 'अभिगम' कुणी बोलत नाही. वाचन-लेखनाची तपासणी फाइल उघडताना होते. एकदा उघडली की नंतर कुणी सीएचमॉड करून वाचनाचा बिट काढला तरी ज्याने उघडून ठेवली आहे त्याला ती वाचता येतच राहते. तपासणी दारातच होते, तेव्हा 'प्रवेश परवानगी' चपखल बसतं.

गावठाण
ऑफिसात कुणी प्रवेशही म्हणत नाही आणि मुभाही. "परमिशनचा प्रॉब्लेम आहे, ट्रिपल सेव्हन मार" असं म्हणतात. आणि ते बंद व्हायला हवं, कारण ७७७ म्हणजे त्या यंत्रावरच्या कुणालाही त्या फाइलमध्ये लिहायला मोकळं रान.

स्वभाषा
७७७ ला 'सातशे सत्त्याहत्तर' तरी म्हणू नका. ती अष्टमान (आठच्या पायाची) संख्या आहे, 'सात सात सात' म्हणा. बरं, पडवी, सिस्टिम कॉलला काय लिहिलंत? 'प्रणाली आवाहन' छान आहे.

ओढ्याकाठी
आवाहन म्हणजे मदतीचं आवाहन वाटेल! निम्मे लोक तर 'आव्हान' वाचतील.

स्वभाषा
वाचोत. षोडशोपचार पूजेत पहिला उपचार आवाहन, देवाला बोलावणं. प्रोग्राम कर्नलला बोलावतो, तेही आवाहनच.

पडवी
सध्या 'सिस्टिम कॉल' देवनागरीत ठेवलंय. पुढचा परिच्छेद यूमास्कचा आहे, म्हणजे नव्या फाइलला कोणते बिट द्यायचे नाहीत ते सांगणाऱ्या आकड्याचा. 'मुखवटा' लिहायला हात धजत नाही, तो काहीच झाकत नाही.

गावठाण
'वजावट' लिहा. प्रोग्राम नव्या फाइलसाठी मागतो त्या ०६६६ मधून यूमास्कचे ००२२ वजा, उरले ०६४४. हिशेब चोख.

कळफलक
ही वजाबाकी नाही हो. यूमास्क ००३३ घ्या. वजाबाकीने ०६३३ येईल, प्रत्यक्षात ०६४४ येतो. यूमास्कमध्ये जे बिट आहेत ते नव्या फाइलला मिळत नाहीत, एवढंच. 'मनाई' बरं वाटतं.

जुनी_खिडकी
मनाई फार कडक झालं. यूमास्क फाइल तयार होतानाच लागू होतो. नंतर सीएचमॉड कॉलने तोच बिट मालक खुशाल देऊ शकतो, तिथे यूमास्क आड येत नाही.

ओढ्याकाठी
तर 'आरंभीची मनाई' म्हणा.

स्वभाषा
मनाईसुद्धा अरबीच. 'प्रारंभ-निषेध' का नको?