वेस्टर्नमधल्या नटांची युद्धसेवा: खरं-खोटं कसं पडताळायचं?

रुपेरीधूळ यांचा प्रश्न:

हॉलिवूडच्या जुन्या वेस्टर्न चित्रपटांतल्या नटांच्या पडद्याबाहेरच्या आयुष्यावर, मुख्यतः त्यांच्या युद्धसेवेवर, लेखमाला लिहायची आहे. अडचण अशी की जितकी पानं उघडावीत तितक्या वेगळ्या गोष्टी सापडतात. ली मार्विनला इवो जिमाच्या लढाईत नेव्ही क्रॉस (नौदल आणि मरीनमधलं शौर्यपदक) मिळाला असं एक जण म्हणतो, तो तिथे नव्हताच असं दुसरा. ऑडी मर्फीच्या पदकांचा आकडा कुठेच जुळत नाही. जॉन वेनबद्दल तर भांडणंच आहेत. मूळ कागदपत्रांपर्यंत बाहेरच्या माणसाला पोहोचता येतं का? आणि पदकांचा हिशोब नेमका कसा मांडायचा?

दप्तरखाना:

पोहोचता येतं, आणि बरंचसं घरबसल्या. सुरुवात नावापासून करा, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. सैन्याच्या दप्तरात पडद्यावरचं नाव नसतं. चार्ल्स ब्रॉन्सन भरती झाला तो चार्ल्स बुचिन्स्की या नावाने. 'गनस्मोक'मधला जेम्स आर्नेस मुळात ऑर्नेस, इंग्रजीत एक यू जास्त. ली व्हॅन क्लीफ म्हणजे क्लॅरन्स लिरॉय व्हॅन क्लीफ ज्युनियर, आणि ग्लेन फोर्डचं पाळण्यातलं नाव ग्विलिन सॅम्युएल न्यूटन फोर्ड.

नाव पक्कं झालं की अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर दुसऱ्या महायुद्धातल्या भूदल भरतीची सूची पाहा. सुमारे ९० लाख नोंदी खुल्या आहेत. मूळ पंचकार्डांच्या मायक्रोफिल्मवरून त्या यंत्राने वाचून घेतल्यामुळे अक्षरं इकडची तिकडे झालेली असतात. पूर्ण नाव टाकून काही आलं नाही तर आडनावाची पहिली चार-पाच अक्षरं, राज्य आणि जन्मवर्ष एवढंच टाका. नोंदीतला सेवाक्रमांक उतरवून घ्या. त्याचा पहिला अंक १ असेल तर माणूस आपणहून भरती झाला, ३ असेल तर सक्तीच्या भरतीत आला, २ असेल तर नॅशनल गार्डमधून. "देशासाठी धावून गेला" असं लिहिण्याआधी तो अंक जरूर बघा. नौदल आणि मरीन कोअरवाले या सूचीत नाहीत.

पुढची पायरी सेंट लुईसचं नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटर. सेवा संपून ६२ वर्षं झाली की फाईल सर्वांसाठी खुली होते, नातेवाईक असण्याची अट राहत नाही. स्टँडर्ड फॉर्म १८० भरायचा. त्यात सेवेतलं नाव, सेवाक्रमांक, दल, जन्माची तारीख आणि ठिकाण, मृत्यूची तारीख द्या, आणि मागणी संपूर्ण फाईलची करा. पुष्कळ लोक सवयीने डीडी २१४, म्हणजे सेवामुक्तीचा दाखला, मागतात. तो फॉर्म १९५० मध्ये आला. महायुद्धात भूदलाच्या शिपायाला डब्ल्यूडी एजीओ ५३-५५ मिळायचा आणि अधिकाऱ्याला ५३-९८. खुल्या फाईलचं शुल्क पाच पानांपर्यंत २५ डॉलर, सहा पानांपासून पुढे ७० डॉलर. पैसे भरण्याआधी चालू दर एकदा पाहून घ्या.

आता सगळ्यात मोठा खोडा. १२ जुलै १९७३ ला या केंद्राच्या सहाव्या मजल्याला आग लागली आणि १.६ ते १.८ कोटी फाईली गेल्या. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात भूदलातून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के फाईली त्यात होत्या. आर्मी एअर फोर्सेस तेव्हा भूदलाचाच भाग, म्हणून ब्रॉन्सन धोक्याच्या पट्ट्यात येतो. आर्नेस, आणि कोरियन युद्धाच्या काळातले जेम्स गार्नर व क्लिंट ईस्टवुडही. नौदल आणि मरीनच्या फाईलींना आगीची झळ लागली नाही, त्यामुळे मार्विन, फोर्ड, व्हॅन क्लीफ यांच्यापासून सुरुवात केलीत तर काम लवकर मार्गी लागेल.

फाईल जळाली तरी सगळं संपत नाही. सैनिकाच्या शेवटच्या पगाराची व्हाउचरं वेगळी ठेवलेली होती, ती वाचली. शिवाय प्रत्येक कंपनीचा 'मॉर्निंग रिपोर्ट' असायचा: कोण हजर, कोण जखमी होऊन इस्पितळात गेला, कोण परतला. त्यासाठी कंपनीचं अक्षर, रेजिमेंट आणि अंदाजे महिना ठाऊक हवा. नुसत्या डिव्हिजनच्या नावावर तो शोधता येत नाही.

लिबरेटर४४:

वरच्यात थोडी भर. जेम्स स्टुअर्टची सेवा राखीव दलातून ३१ मे १९६८ ला संपली, म्हणजे ६२ वर्षांचा हिशोब २०३० पर्यंत जातो. पण नामवंत व्यक्तींसाठी वेगळा नियम आहे: त्या यादीत नाव असेल तर मृत्यूनंतर १० वर्षांनी फाईल खुली होते. ऑडी मर्फी त्या यादीत आहे. इतरांसाठी अर्ज करण्याआधी यादी पाहून घ्या.

स्टुअर्टवर स्वतंत्र लेख करा, कारण त्याची कारकीर्द तारखांनिशी उभी करता येते. वजन कमी म्हणून आधी नाकारला गेला, मग २२ मार्च १९४१ ला, म्हणजे पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या साडेआठ महिने आधी, साधा शिपाई म्हणून दाखल झाला. वैमानिकाचा व्यावसायिक परवाना त्याच्याकडे आधीच होता. नोव्हेंबर १९४३ मध्ये ४४५व्या बॉम्ब ग्रुपच्या ७०३व्या स्क्वॉड्रनचा प्रमुख म्हणून इंग्लंडात टिबनमला, तिथून १९४४ च्या वसंतात ओल्ड बकनमला ४५३व्या ग्रुपचा ऑपरेशन्स अधिकारी. विमान बी-२४ लिबरेटर. अधिकृत मोहिमा २०. मार्च १९४५ मध्ये कर्नल, १९५९ मध्ये राखीव दलात ब्रिगेडियर जनरल.

इथे एक चूक हमखास होते. २० फेब्रुवारी १९६६ ला तो व्हिएतनामवर बी-५२ मधून गेला, ते निरीक्षक म्हणून. "व्हिएतनाममध्ये बॉम्बर चालवलं" असं वाचलंत तर ते पान बंद करा.

सायपानरोड:

मार्विनचं कोडं तारखांनीच सुटतं. ऑगस्ट १९४२ मध्ये तो मरीनमध्ये दाखल झाला, पुढे ४थ्या डिव्हिजनच्या २४व्या रेजिमेंटमध्ये. १८ जून १९४४ ला सायपान बेटावर मशीनगनच्या गोळीने त्याची सायटिक नस तोडली. त्यानंतर सुमारे १३ महिने इस्पितळं. इवो जिमाची लढाई फेब्रुवारी १९४५ ची, तेव्हा तो रुग्णशय्येवर होता. पर्पल हार्ट, म्हणजे जखमी सैनिकाचं पदक, खरं; नेव्ही क्रॉस खोटा. इंटरनेटवर फिरणाऱ्या त्या किश्श्यात मुलांच्या कार्यक्रमातला बॉब कीशन हा इवो जिमावरचा त्याचा शूर साथीदार असतो. कीशन मरीनमध्ये होता खरा, पण इतका उशिरा आला की लढाई त्याच्या वाट्याला आलीच नाही. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत मार्विनच्या दगडावर नाव, पीएफसी (शिपायाचा हुद्दा), यूएस मरीन कोअर, दुसरं महायुद्ध आणि दोन तारखा, इतकंच कोरलेलं आहे. शेजारी मुष्टियोद्धा जो लुईस.

पदकांच्या बेरजेबद्दल: आकडे जुळत नाहीत कारण प्रत्येक जण वेगळी वस्तू मोजतो. भूदलात तेच पदक पुन्हा मिळालं की नवं पदक न देता फितीवर ओकच्या पानाचं छोटं चिन्ह लावतात; नौदल आणि मरीनमध्ये सोनेरी तारा. स्टुअर्टचं एअर मेडल तीन पानांसह आहे, म्हणजे सन्मान चार. कोणी एक मोजतो, कोणी चार. मर्फीच्या ३३ मध्ये परदेशी सन्मान आणि मोहिमेत हजर असलेल्या सगळ्यांना मिळणारी पदकंही येतात. शौर्यासाठीची वेगळी काढा: मेडल ऑफ ऑनर, डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस, दोन सिल्व्हर स्टार, व्ही चिन्हासह (व्ही म्हणजे शौर्य) दोन ब्राँझ स्टार. जखमांसाठीची तीन पर्पल हार्ट त्याखेरीज. हे चित्र नुसत्या आकड्यापेक्षा कितीतरी बोलकं आहे. "सर्वाधिक पदकं मिळवलेला चौथा सैनिक" असली क्रमवारी (नट नेव्हिल ब्रँडबद्दल ती नेहमी दिसते) मुळीच घेऊ नका. अशी अधिकृत क्रमवारी नाही.

ब्राँझ स्टारची एक खोच लक्षात ठेवा. १९४७ मध्ये असं ठरलं की महायुद्धात कॉम्बॅट इन्फंट्रीमन बॅज, म्हणजे प्रत्यक्ष लढलेल्या पायदळ सैनिकाचा बिल्ला, मिळालेल्या प्रत्येकाला तो द्यायचा. तेव्हा व्ही नसलेला ब्राँझ स्टार पायदळातल्या नटाकडे दिसला, तर मानपत्र पाहिल्याशिवाय त्यामागे पराक्रमाची गोष्ट रचू नका.

रुपेरीधूळ:

मनापासून आभार, मर्फीचं कोष्टक आता असंच करतो. वेनचं कसं लिहावं? आणि युद्धाचा या लोकांच्या पुढच्या आयुष्यावर झालेला परिणाम, तो कितपत खात्रीने मांडता येतो?

दप्तरखाना:

वेनसाठी विशेषणं वापरू नका, भरती मंडळाचे वर्ग लिहा. पर्ल हार्बरच्या वेळी तो ३४ वर्षांचा, चार मुलांचा बाप. म्हणून ३-ए, म्हणजे कुटुंब अवलंबून. १९४४ मध्ये १-ए, म्हणजे सेवेस पात्र, झाला, तेव्हा रिपब्लिक स्टुडिओने रदबदली करून २-ए मिळवून दिला, म्हणजे कामासाठी गरजेचा माणूस. १९४३-४४ च्या हिवाळ्यात यूएसओ या सैनिकांसाठी कार्यक्रम करणाऱ्या संस्थेबरोबर दक्षिण पॅसिफिकमधल्या सैनिकांसमोर कार्यक्रम केले. वय आडवं आलं हे म्हणणं टिकत नाही: हेन्री फोंडा त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा आणि मुलाबाळांचा होता, तरी १९४२ मध्ये नौदलात खलाशी म्हणून गेला. रिपब्लिकचाच जीन ऑट्री, वेनहून जेमतेम चार महिन्यांनी लहान, त्याच वर्षी एअर फोर्सेसमध्ये गेला आणि पुढे मालवाहू विमानं उडवू लागला. ही तीन नावं शेजारी ठेवली की वाचकाला जे समजायचं ते समजतं.

सायपानरोड:

परिणामांचं लिहिताना शरीराच्या जखमा आधी घ्या, त्यांना कागद असतो. आर्नेस ६ फूट ७ इंच. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत अँझिओला उतरला आणि थोड्याच दिवसांत उजव्या पायात गोळ्या बसल्या. पाय जन्मभर दुखत राहिला. 'गनस्मोक' २० वर्षं चाललं, आणि मार्शलच्या घोडदौडीमागे ते दुखणं होतं. त्याच्या घोड्यावरच्या दृश्यांबद्दल लिहिताना हे विसरू नका.

मर्फीबाबत जपून. २६ जानेवारी १९४५ ला फ्रान्समध्ये होल्त्झवीरजवळ पेटलेल्या एम-१० रणगाडाभेदी वाहनावर चढून त्याने सुमारे तासभर एकट्याने मशीनगन चालवली. पुढे झोप उडाली, भरलेलं पिस्तूल उशाखाली असायचं, प्लासिडिल या झोपेच्या गोळ्यांचं व्यसन लागलं. ते त्याने मोटेलच्या खोलीत स्वतःला कोंडून घेऊन सोडवलं. कोरिया आणि व्हिएतनामहून परतलेल्यांच्या मनावरच्या जखमांबद्दल तो उघडपणे बोलला, आणि ते धैर्य मला होल्त्झवीरइतकंच मोठं वाटतं. मात्र "त्याला पीटीएसडीचं (आघातानंतरच्या मानसिक विकाराचं) निदान झालं होतं" असं लिहू नका. तो २८ मे १९७१ ला विमान अपघातात गेला आणि ते नाव वैद्यकीय सूचीत १९८० मध्ये आलं. त्या काळी 'बॅटल फटीग' म्हणत, तेवढंच वापरा.

त्याच्या जन्मवर्षाचा घोळही नोंदवा. भरतीसाठी वय वाढवून सांगितल्यामुळे सैन्याच्या कागदांत आणि आर्लिंग्टनच्या दगडावर १९२४ आहे, प्रत्यक्षात १९२५. फॉर्म १८० वर सैन्यातली तारीखच घाला आणि खरी तारीख शेऱ्यात लिहा, नाहीतर जुळत नाही म्हणून अर्ज परत येण्याची शक्यता असते.