निवारा केंद्राला जेवण, शिधा, पांघरुणं द्यायची आहेत. सुरुवात कशी करावी?

शहापूरकर: नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीतल्या मंडळाची दहा-बारा पोरं बेळगावातल्या बेघरांच्या निवारा केंद्रात मदतीला जायचं म्हणतात. लग्नसराईत मंगल कार्यालयातलं उरलेलं जेवण पोचवायचं, महिन्याचा शिधा द्यायचा आणि पावसाळ्याआधी रजया वाटायच्या, असं डोक्यात आहे. केंद्रात माणसं साधारण ४०. तिथले लोक ‘या की केव्हाही’ एवढंच सांगतात. कुणी नीट सांगाल काय?

आचारी_गल्ली: उरलेल्या जेवणात पहिला धोका भाताचा. शिजवल्यावरही त्यात बॅसिलस सेरिअस या जिवाणूचे बीजाणू जिवंत राहतात. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात. उलट्या करायला लावणारं ते विष परत गरम करून जात नाही, त्यामुळे ‘वाफ काढून देऊ की’ इथं चालत नाही. खोल पातेल्यात दाबून भरलेला भात मधोमध कितीतरी तास कोमट असतो, आणि टेम्पोत नेमकं तेच पातेलं चढतं.

आता वेळ बघा. दुपारच्या लग्नाचा भात ११ ला उतरतो, पंगती ३ ला संपतात, केंद्रातलं जेवण रात्री ८ ला. म्हणजे ९ तास. रिसेप्शनचं उरलेलं हातात येईपर्यंत रात्रीचे ११ वाजतात आणि तोवर केंद्रातली माणसं झोपलेली असतात. खरं तर हा हिशेबच जुळत नाही. त्यापेक्षा आचाऱ्याशी बोलून कच्चं मागा: न फोडलेला तांदळाचा कट्टा, डाळ, तेल, बटाटे, कांदे. ते केंद्राच्या चुलीवर शिजू दे.

तयार जेवण घ्यायचंच तर वाढपाला न गेलेल्या भांड्यातलं घ्या, वाफाळतं असताना हॉटकेसमध्ये भरा, डब्यावर शिजल्याची वेळ लिहा. शिजल्यापासून ४ तासांत पोटात गेलं पाहिजे. खोबऱ्याची चटणी, बासुंदी, पनीर सरळ नाकारा. जिलेबी चालते.

कोठारवाला: शिध्याचं. ४० माणसांच्या एका वेळच्या आमटी-भाताला तांदूळ ५ किलो, तूरडाळ दीड किलो धरा. रोज एक वेळ म्हटलं तर महिन्याला २५ किलोचे ६ कट्टे आणि ४५ किलो डाळ. पण जूनमध्ये सगळं एकदम नेऊन टाकू नका! बेळगावच्या पावसात तांदूळ ओल धरतो, सोंडे पडतात आणि ऊन दाखवायला ऊनच नसतं. दर १० दिवसांनी २ कट्टे द्या. कट्टे लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब. जुना कट्टा पुढं, नवा मागं.

घराघरांतून गोळा केलेल्या सामानात सुटं पीठ आणि तारीख नसलेले मसाले हमखास येतात. ते दारातच बाजूला काढा, नाहीतर निवडण्यात केंद्राच्या माणसांचा दिवस जातो.

रजया नकोतच. पावसाळ्यात एकदा धुतलेली रजई आठवडाभर वाळत नाही, कुबट वास धरते आणि शिवणीत ढेकूण बसतात. माणशी २ सुती चादरी आणि एक पातळ ब्लँकेट पुरे: एक चादर अंगावर, एक दोरीवर. ढेकूण असतील तर चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुवायच्या. नुसत्या फवाऱ्यानं ते जात नाहीत, खाटेच्या सांध्यात लपतात. लोखंडी खाटा मिळवून दिल्या तर त्याचा उपयोग जास्त.

शहापूरकर: कच्चं मागायचं डोक्यातच आलं नव्हतं. आणि पोरांनी तिथं करायचं काय?

खानापूर_रोड: बारा जण एकदम नको. सरकारी योजनेत अशा केंद्रात माणशी जागाच ५० चौरस फूट धरलेली असते. तिघे जा, आठवड्याचा एकच वार धरा आणि तो चुकवू नका. एकाला तरी कन्नड बोलता यायला हवं, कारण इस्पितळाचे आणि कचेरीचे कागद बहुतेक कन्नडमध्ये असतात. वाढणं कुणीही करतं. खरी अडचण ओपीडीच्या रांगेत सोबत थांबायला आणि आधारचं काम करायला माणूस नसतो ही.

काही गोष्टी ध्यानात ठेवा. बरेच दिवस उपाशी माणसाला ताट भरून वाढू नका. आधी मीठ घातलेली पेज थोडी-थोडी द्या आणि डॉक्टरला दाखवा. एकदम भरपेट जेवलं की रक्तातले क्षार बिघडतात, जिवावर बेततं. रोज पिणाऱ्यानं दारू अचानक सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. हात थरथरतायत, घाम सुटलाय, काहीबाही बरळतोय, तर १०८ लावा. २ आठवड्यांवर खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा, फुकट होते. एकटं मूल दिसलं तर १०९८. मनोरुग्ण भटकताना दिसला तर पोलिसांना कळवा. २०१७ च्या कायद्यानं त्याला ताब्यात घेऊन दवाखान्यात नेणं हे त्यांचं काम आहे.

आणि फोटो नको. घरच्यांपासून लपून राहिलेली बाईमाणसंही तिथं असतात.

आचारी_गल्ली: एक राहिलं. महाप्रसादाच्या दिवशी केंद्राला आदल्या रात्रीच कळवा. नाहीतर त्यांचा भात सकाळीच शिजतो, तुमचाही येऊन पडतो, आणि दोन्ही वाया.