नंबर गर्लने परत यायला नको होतं

पावसाळी_रेडिओ
३० नोव्हेंबर २००२ ला साप्पोरोच्या 'पेनी लेन २४' या लहानशा हॉलमध्ये नंबर गर्ल शेवटचे वाजले. १९९५ मध्ये जपानच्या फुकुओकात सुरू झालेला रॉक बँड. बेसवाल्या नाकाओ केन्तारोला बाहेर पडायचं होतं, आणि चौघांतला एक गेला तर त्याला नंबर गर्ल म्हणायचं नाही, असं बाकी तिघांनी ठरवलं. बदली बेसिस्ट शोधला नाही, निरोपाचा तमाशा केला नाही. बँड बंद.

त्या रात्रीचं रेकॉर्डिंग २००३ मध्ये आलं. माझ्यासाठी रॉक म्हणजे ती सीडी. गायक मुकाई शूतोकू आधी घसा ताणून ओरडतो, मग एकदम मंचावरच्या निवेदकासारखं सपाट बोलतो. ताबुची हिसाकोची गिटार इतकी कर्कश की पहिल्यांदा ऐकताना स्पीकर फाटला की काय असं वाटतं. तिसऱ्या-चौथ्यांदा कळतं की त्या किंचाळण्यात एक चाल आहे, आणि मग ती डोक्यातून जात नाही.

असा शेवट फार थोड्यांच्या नशिबी येतो, आणि यांनी तो मोडला. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुनरागमनाची घोषणा झाली. मुकाईच्या निवेदनात होतं की एकदा दारू चढलेली असताना जुन्या मंडळींसोबत रायझिंग सन या संगीत महोत्सवात पुन्हा वाजवावंसं वाटलं, आणि पैसेही कमवावेसे वाटले. पुढची तीन-साडेतीन वर्षं बहुतेक जुनीच गाणी, नवा स्टुडिओ अल्बम नाही, आणि डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा विसर्जन. बोवी या जपानी रॉक बँडने (लिहितात BOØWY, म्हणतात सरळ 'बोवी') एप्रिल १९८८ मध्ये टोकियो डोममध्ये दोन दिवस वाजवून जो पडदा पाडला, तो पुन्हा उचलला नाही. म्हणून त्यांचं नाव अजून तसंच आहे. नंबर गर्लनेही तसंच करायला हवं होतं.

जास्वंद
पूर्ण असहमत. माझा जन्म २००३ चा. तुमचा तो देखणा शेवट झाला तेव्हा मी या जगात नव्हते.

मी यांच्यापर्यंत पोचले नारुतो या अ‍ॅनिमेमुळे. माझ्या वयाच्या कितीतरी मराठी पोरांनी एशियन कुंगफू जनरेशन हा जपानी बँड नारुतोच्या सुरुवातीच्या गाण्यात ऐकला. त्यांचं 'एन. जी. एस.' नावाचं एक जुनं गाणं आहे, ते नंबर गर्लच्या नादापायी झालेलं. तिथून मी उलट्या दिशेने चालत गेले. जपानी विद्यापीठांच्या लाइट म्युझिक क्लबांमध्ये (म्हणजे विद्यार्थ्यांच्या हौशी बँड-मंडळांमध्ये) आजही पोरं हीच गाणी बसवतात, त्यांचे व्हिडिओ सापडतात. त्या पोरांनी आयुष्यभर फक्त सीडीवर समाधान मानायचं, कारण २००२ च्या लोकांना शेवट आवडला होता?

पैशाचं म्हणाल, तर तो तसं उघड म्हणाला याचं मला कौतुक आहे. पन्नाशीकडे झुकलेल्या वादकाने घर चालवू नये का?

दादर_ते_दाइकान्यामा
बोवीचा दाखला अर्धाच दिला आहे. मंडळी एकत्र आली नाहीत हे खरं, पण पडदा तसाच राहिला म्हणणं धाडसाचं आहे. त्या डोमच्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगच्या नवनव्या आवृत्त्या निघत राहिल्या. २०११ च्या भूकंपानंतर बोवीचा गायक हिमुरो क्योसुकेने त्याच टोकियो डोममध्ये मदतनिधीसाठी नुसती बोवीची गाणी गायली. गिटारवाल्या होतेईलाही त्यात यायचं होतं, तसं तो उघडपणे म्हणाला होता, पण ते जमलं नाही. चाहते त्यावर अजून हळहळतात. न परतल्याने सगळं सोवळं राहतं असं नाही. कंपनी विकत राहते, आणि वादकांच्या वाट्याला एकमेकांसोबत वाजवणं तेवढं येत नाही.

सातारी_फीडबॅक
धागाकर्त्याला अनुमोदन. २००० चा 'सप्पुकेइ' आणि २००२ चा 'नम-हेवीमेटॅलिक' हे नंबर गर्लचे दोन्ही अल्बम अमेरिकेचा निर्माता डेव्ह फ्रिडमनने केले. दोन वर्षांत केवढी मजल मारली ते पाहा. पहिल्यात ड्रम खोलीच्या भिंती पाडून येतात, दुसऱ्यात डब (रेगेतून निघालेली, घुमणाऱ्या प्रतिध्वनींची शैली) आणि जपानी उत्सवातले ठेके शिरलेत. हा बँड दर वेळी पुढे सरकत होता. पुनरागमनात ते पुढे सरकणं थांबलं. मला त्याचंच दुःख आहे, पैशाचं नाही.

योकोहामातली_माधुरी
मी ११ डिसेंबर २०२२ ला नंबर गर्लच्या शेवटच्या कार्यक्रमाला योकोहामाच्या पिया अरिनात होते, म्हणून लिहिते.

माझ्या शेजारी एक गृहस्थ होते, केस पिकलेले, अंगात जुना टी-शर्ट, त्यावरची छपाई धुऊन धुऊन निम्मी गेलेली. सोबत त्यांची मुलगी, शाळकरी. 'तोमेइ शोजो'चं पहिलं गिटार वाजलं तेव्हा उडी आधी तिने मारली. सगळे शब्द तिला पाठ होते. वडील मात्र हाताची घडी घालून ताबुचीच्या बोटांकडे बघत उभे राहिले, गाणं संपेपर्यंत.

आणि सातारी_फीडबॅक, थांबले म्हणता, पण हेतूच वेगळा होता. ऑगस्ट २०१९ मध्ये वादळामुळे रायझिंग सनचा पहिला दिवस रद्द झाला आणि ज्यासाठी परत आले तेच हुकलं. मग महामारी आली. मार्च २०२० मध्ये झेप टोकियोत रिकाम्या हॉलपुढे वाजवून त्यांनी थेट प्रक्षेपण केलं. ऑगस्ट २०२२ मध्ये अखेर होक्काइदोत त्या महोत्सवात वाजले, आणि त्याच दिवशी थांबत असल्याचं जाहीर केलं. ठरवलेलं काम झालं आणि निघाले. यात मोडलं काय?

पावसाळी_रेडिओ
माधुरीताई, तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंत, त्याचा हेवा वाटतो. तरी मत तेच आहे. २००२ नंतर यांची खरी पुंजी वेगळीकडे वाढत होती. मुकाईने झाझेन बॉइज हा बँड काढला. ताबुची ब्लडथर्स्टी बुचर्स या बँडमध्ये गेली आणि त्यांचा गायक योशिमुरा हिदेकी २०१३ मध्ये वारेपर्यंत त्यांच्यासोबत वाजवत राहिली. हे काम नंबर गर्लच्या तोडीचं आहे, पण जुनं नाव परत आल्यावर सगळे डोळे तिकडेच वळले. चाहते म्हणून आपण या माणसांना पंचविशीतच डांबून ठेवतो.

जास्वंद
उलट झालं की! झाझेन बॉइजचा 'रांदो' हा अल्बम जानेवारी २०२४ मध्ये आला, आधीच्या अल्बमनंतर तब्बल बारा वर्षांनी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते टोकियोच्या बुदोकान या मोठ्या सभागृहात वाजले. नंबर गर्लसाठी आलेली माझ्या वयाची पोरं पुढे झाझेनकडे गेली असणार, मी स्वतः तशीच गेले. तुम्ही 'रांदो' ऐकलाय का? नसेल तर आज रात्री सलग ऐका आणि इथेच लिहा. मग मुकाई पंचविशीत अडकलाय की नाही यावर भांडू.

सातारी_फीडबॅक
मी ऐकलाय, जबरदस्त आहे. म्हणूनच म्हणतो, ती साडेतीन वर्षं त्याने जुन्या गाण्यांना द्यायला नको होती, हा अल्बम आधी आला असता.